तीन महिने बाहेर

“मी बाहीरच बरी, मास्तर.”

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की आजही कुणी सहज ‘मी इथंच बरा’ म्हणालं तरी माझं डोकं फिरतं. ते म्हणण्याआधी ती पदराला हात पुसायची. हात ओले असोत की कोरडे, आधी पुसायचे, मग नजर न उचलता वाक्य टाकायचं आणि बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसायचं. समोरच्याला बोलायला ती जागाच ठेवायची नाही.

छप्पन सालच्या जूनमध्ये मी मारेगावच्या अलीकडच्या एका लहान गावात शाळामास्तर म्हणून गेलो. गाव कापसाचं. एक जिनिंग, एक पोस्ट, आठवड्याचा बाजार, आणि टोकाला कडुनिंबांच्या सावलीत आमचं कौलारू चर्च. मंडळी जेमतेम चाळीस-पन्नास माणसांची. मिशनचे गोरे साहेब लोक निघून गेले होते. त्यांनी लावलेले निंब आणि त्यांनी घालून दिलेले नियम तेवढे मागं राहिले होते, आणि दोन्ही चांगले जोमात होते.

तिला सगळे मावशी म्हणत. नाव होतं, पण मी ते लिहीत नाही. तिला आवडलं नसतं. पन्नाशी ओलांडलेली, उंच, काळीसावळी बाई. नवरा साहेबाच्या छकड्यावर होता, तो कधीच गेला होता. मूलबाळ नाही. पोटासाठी दुसऱ्यांच्या वावरात निंदण आणि वेचणी करायची, आणि उरलेला सगळा जीव चर्चमध्ये घालायचा. शनिवारी झाडलोट, सतरंज्या झटकणं, माठ भरणं, वटवाघळांनी आढ्याखाली केलेली घाण खरवडणं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी काही देतही नव्हतं. तुमच्या गावात देऊळ असेल, मशीद असेल, विहार असेल. तिथंही असं एक माणूस असणारच. सगळं त्याच्या हातून होतं, म्हणून ते कुणाला दिसत नाही.

दर तीन महिन्यांनी आमच्याकडे प्रभुभोजन व्हायचं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून. भाकर आणि द्राक्षरस. भाकर म्हणायची, पण असायची ती गव्हाची बिनमिठाची पोळी, आणि द्राक्षरस म्हणजे काळ्या मनुका उकळून गाळलेलं पाणी. दोन्ही मावशीच करायची. गहू एकेक दाणा निवडायची आणि जात्यावर दळायची. जिनिंगच्या शेजारी पिठाची गिरणी सुरू झाली होती, पण तिथं मिरच्याही दळतात म्हणून तिला ती चालत नसे. मेजावरचं पांढरं कापड धुऊन, रिठ्याच्या पाण्यातून काढून, आदल्या दिवशी निंबाखाली वाळत घालायची आणि ते वाळेपर्यंत काठी घेऊन तिथंच बसायची. कावळ्यांचा भरवसा नाही म्हणे.

माझं अक्षर बरं होतं. लहान गावात हा गुन्हाच असतो. वर्षाच्या आत मला चर्चच्या पंचकमिटीचा चिटणीस केलं आणि वाळवी लागलेलं सभासदांचं रजिस्टर नव्यानं उतरवायला दिलं. उतरवता उतरवता मावशीच्या नावापुढे एक शेरा दिसला. ‘मेजापासून बंद. तीन महिने.’ म्हणजे तेवढे दिवस प्रभुभोजन घ्यायचं नाही. खाली साहेबाची सही. त्यानंतर ‘परत घेतले’ असा दुसरा शेरा हवा होता, तो कुठंच नव्हता. सही पंचवीसेक वर्षांपूर्वीची होती.

मला वाटलं, लिहायचं राहिलं असेल. पुढच्या प्रभुभोजनाला मी मुद्दाम मागं बसलो. पाळकांनी, म्हणजे आमच्या पास्टरांनी, ताटावरचं कापड काढलं तशी मावशी उठली, हात पुसले आणि बाहेर गेली. ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसली. शेवटचं गीत सुरू झाल्यावर आत आली आणि ताट-पेला गोळा करू लागली. हे मी आधीही पाहिलं होतं आणि ती पाणी बघायला जात असेल असं समजलो होतो.

आमच्या पंचांत सगळ्यांत जुने एक म्हातारे कंपाउंडर होते. त्यांना विचारलं.

“ते? ते घेते ना,” ते म्हणाले. “घेतच असन. सारं तेच तं करते.”

पंचवीस वर्षांत कुणी मान वळवून पाहिलं नव्हतं. तिनं केलेली भाकर खाताना सगळ्यांचे डोळे मिटलेले असत, प्रार्थनेत.

मग मी तिलाच गाठलं. ती ओट्यावर मनुका निवडत होती.

“मावशी, तुम्ही मेजावर का येत नाही?”

“मी बाहीरच बरी, मास्तर.”

“रजिस्टरात तीन महिने लिहिलंय.”

तेव्हा कुठं तिनं वर पाहिलं. हकीकत चार वाक्यांची होती. आईबाप लवकर गेले, धाकट्या भावाला हिनंच वाढवलं. हिचा नवरा ख्रिस्ती झाला, ही झाली. भाऊ झाला नाही. त्याचं लग्न निघालं तेव्हा हिनं जाऊन हळद वाटली, त्याला लावली, गाणी म्हटली. साहेबाच्या कानावर गेलं. हळद म्हणजे त्याच्या लेखी सोडलेल्या धर्माची रीत. त्यानं बोलावून सांगितलं, तीन महिने मेजावर येऊ नकोस. मग मी बोलावीन, तेव्हा ये. दोन महिन्यांत साहेबाची मडम आजारी पडली आणि दोघं बोटीनं आपल्या देशी गेले. परत आले नाहीत. नवा साहेब आला, त्याला काही माहीत नव्हतं.

“मग तीन महिने झाल्यावर तुम्ही सांगायचं ना!”

“काय सांगाचं? मले बलवा म्हनून? मांगून जेवाले बसते का कोनी?” ती म्हणाली. “बलावनं आलं तं जावं.”

मी कपाळाला हात लावला. रागावलो की माझी पुस्तकी भाषा गळून पडते. “अव पन बलावनारा गेला ना तिकडं! मरून गेला असन!”

“त्याले मी काय करू?” असं म्हणून तिनं एक खराब मनुका बाजूला टाकली.

मी उठून निघालो, तेव्हा मागून हळूच म्हणाली, “मास्तर, घरवाला गेला तव्हा तो आतमधी होता. मी बाहीर. वर त्यानं विचारलं, काहून आली नाई, तं काय सांगू? मराच्या आंधी एक खेप आत बसाचं हाय मले. पन बलावल्याबिगर नाई.”

हे तिनं एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही. पण त्यानंतर माझी झोप उडाली ती उडालीच.

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे. पाळकांकडे गेलो. पाळक नगरकडचे, मवाळ आणि जपून वागणारे. पावसात छत्री उघडतानाही कुणाची परवानगी हवी, अशा चेहऱ्याचे.

“शिस्त मी लावलेली नाही,” ते म्हणाले. “मग मी ती उठवणार कशी?”

“ज्यांनी लावली ते हयात नसतील.”

“तेच तर. प्रश्न गंभीर आहे.”

प्रश्न पंचांपुढे ठेवला. पंचांनी तो पुढच्या बैठकीवर टाकला, पुढच्या बैठकीनं त्याच्या पुढच्या. शेवटी यवतमाळला वरच्या कमिटीकडे पत्र लिहा असं ठरलं. मी लिहिलं. सात महिन्यांनी उत्तर आलं, की हा स्थानिक पंचांचा अधिकार आहे. मात्र सभासदाचा पश्चात्तापाचा लेखी अर्ज पाहिजे. म्हणजे चेंडू गावाला फेरी मारून पुन्हा माझ्याच पायाशी.

मी सुरेख अर्ज लिहिला. ‘माझ्या हातून घडलेल्या अपराधाबद्दल मला मनापासून पश्चात्ताप होत असून…’ तिला वाचून दाखवला. मडमबाईनं तिला नावापुरती सही शिकवली होती. टाक हातात दिला, तिनं तो परत माझ्या हातात दिला.

“हे खोटं हाय.”

“काय खोटं आहे?”

“हळद वाटली त्याचा पस्तावा मले नाई. भावाले माय नव्हती. मी नाई लावाची तं कोन लावन?”

“मावशी, हा नुसता कागद आहे!”

“कागद देवाघरचा हाय ना? त्यावर खोटं कसं लिवू?”

मी तो अर्ज तिच्यासमोर टराटरा फाडला. ती शांतपणे म्हणाली, “च्या घेता का?” तुम्हीच सांगा, अशा माणसाचं काय करायचं? ज्याच्यासाठी आपण सगळ्यांशी भांडत हिंडतो, तेच सगळ्यांत मोठी भिंत होऊन बसतं.

दरम्यान आणखी एक घोळ झाला होता. छप्पन सालीच तिच्या भावाच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. मावशी सणावारी, दुखण्याखुपण्यात त्याच्याकडे जायची, तशीच जात राहिली. कंपाउंडरांनी बैठकीत तेही काढलं. “हळदीचं उठवाचं म्हनता, पन ते अजून भावाच्या घरी जाऊन राह्यली. तिथं आता वंदना होते. हे नवं प्रकरन नाई का?”

मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, “त्यानं धर्म बदलला, मास्तर. माय तं नाई बदलली.” आणि मग हसून, “आता त्याच्या घरी लगनात हळद नाई लावत. सारं सोडून देल्लं त्याहीनं.”

म्हणजे ज्या हळदीपायी ही पंचवीस वर्षं ओट्यावर बसली, ती हळद त्या घरातून केव्हाच गेली होती. आमच्या रजिस्टरातून मात्र हलत नव्हती.

असं करता करता साठ साल उलटलं. माझं लग्न झालं, शाळेला दोन नव्या खोल्या झाल्या, गिरणी डिझेलवरून विजेवर आली. मावशी दर तीन महिन्यांनी पोळी लाटायची, मनुका उकळायची आणि उठून बाहेर जायची. मला ते बघवेना. एकदोन वेळा मीही तिच्याबरोबर बाहेर जाऊन बसलो, तर तिनं मलाच झापून आत पिटाळलं. “तुमाले कोनी बंद केलं? जा, आत जा. नाटकं कायले करता?”

शेवटी एके दिवशी मला सुचलं. नव्या कागदावर एकच ओळ लिहिली. ‘मला मेजावर यायचं आहे.’ खाली जागा सोडली. तिनं मला ती तीनदा वाचायला लावली.

“हे खरं हाय,” ती म्हणाली आणि सही केली. एकेक अक्षर शेणी थापल्यासारखं ठसठशीत.

बैठकीत कंपाउंडरांनी चष्मा वरखाली करून कागद पाहिला. “याच्यात पस्तावा कुठी हाय?”

माझा संयम सुटला. गेल्या माघात त्यांच्याच नातीचं लग्न झालं होतं. परसात, शेवग्याखाली, पाळकांच्या नजरेआड, हळद अगदी यथासांग लागली होती. माझी बायकोच हळद लावायला गेली होती.

“ठीक आहे,” मी उभा राहून म्हणालो. “आपल्यापैकी ज्यांच्या घरच्या लग्नात कधीच हळद लागली नाही, त्यांनी हात वर करा. तेच मावशीला बाहेर ठेवतील.”

बायबल सगळ्यांचं वाचलेलं होतं. ज्यानं पाप केलं नसेल त्यानं पहिला दगड मारावा, हे येशूचं वाक्य मी फिरवून म्हणतोय ते सगळ्यांना कळलं. एकही हात वर झाला नाही. कंपाउंडर खोकले. पाळकांनी घाईघाईनं प्रार्थना घेतली, आणि चार वर्षं अडलेला ठराव दोन मिनिटांत पास झाला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संतापच. दोन मिनिटांचं काम होतं, तर चार वर्षं कुणाची घालवली?

जूनमधलं प्रभुभोजन होतं. शनिवारी पाळक आणि मी मिळून तिच्या घरी बोलावणं द्यायला गेलो. पाळकांनी रीतसर सांगितलं, “उद्या मेजावर या.” तिनं हात पुसले. मी घाबरलो, की आता वाक्य येतं. पण ती एवढंच म्हणाली, “येतो जी.” आमच्याकडे बायकाही असं ‘येतो’ म्हणतात.

रविवारी ती पांढरं धुवट लुगडं नेसून आली. केसांना तेल. सगळं मांडून झाल्यावर बाहेर गेली नाही. बायकांच्या बाजूला, अगदी शेवटी, दाराशी सतरंजीवर टेकली. पाळकांनी तिचं नाव वाचलं. माना वळल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वळल्या.

ताट फिरू लागलं. आधी पाळक, मग आम्ही पुरुष, मग बायका. ज्यानं त्यानं तुकडा घेतला की तोंडात टाकायचा, अशी आमची पद्धत. मी माझा खाल्ला आणि मान वळवून तिच्याकडे पाहत राहिलो. ताट तिच्यापाशी आलं. पाळक वाकले. आणि तसेच वाकलेले राहिले.

ताटात तुकडा नव्हता.

ती तुकडे मोजून करते, हे मला त्या दिवशी कळलं. दुसरी घंटा झाली की दाराशी उभी राहून माणसं मोजायची आणि तेवढेच तुकडे करायची, एक कमी नाही, एक जास्त नाही. पवित्र भाकर उरली तर टाकायची कुठं, म्हणून मडमबाईनं तसं शिकवलं होतं. त्या दिवशीही तिनं तसंच केलं होतं.

मी ताडकन उठलो. भर उपासनेत ओरडलो, “रिकामं कसं? कुणाकडे आहे का अर्धा तुकडा?” कुणाकडे असणार? सगळ्यांचे घास उतरले होते.

“बसा, मास्तर,” ती दारातून म्हणाली. “चुकी माही हाय. चालू द्या, पास्टरसाहेब.”

मागून पेला आला, तो तिनं ओठाला न लावता परत दिला. भाकरीशिवाय पेला घेत नाहीत, असं तिचं म्हणणं.

उपासना सुटल्यावर मी तिच्यावर अक्षरशः तुटून पडलो. “मोजलं कसं तुम्ही?”

“सारे मोजले, मास्तर. बायका, मानसं, तुमी, पास्टरसाहेब. कोनी सुटलं नाई.”

“आणि तुम्ही?”

“मी तं मोजनारी!” ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी दात ओठ खात उभा होतो. “तीनच मैने हाय ना, मास्तर? तीन मैन्याची तं मले सवय हाय.”

मी पाळकांच्या मागं लागलो, की उद्या तिच्या घरी भाकर घेऊन जाऊ.

“घरी फक्त आजाऱ्यांना देतात,” पाळक म्हणाले. “त्या आजारी नाहीत.”

मला वाटलं सांगावं, थांबा, मीच पडतो आजारी, मग माझ्या घरी या आणि तिलाही बोलवा. बोललो नाही. तीन महिने, मीही मनाशी म्हटलं. तीन महिन्यांत काय होतंय?

कपाशीला पात्या, म्हणजे कळ्या, धरल्या होत्या त्या दिवसांत ती तापानं पडली. पाळक झरीकडच्या जंगलातल्या खेड्यांत फिरतीला गेले होते आणि नाले भरून वाहत होते. माणूस पाठवला, तो पाण्याच्या अलीकडूनच परत आला. मी तिच्या उशाशी बसून होतो. भाकर मी देऊ शकत नव्हतो. तो अधिकार माझा नव्हता, आणि मी दिली असती तरी तिनं घेतली नसती. “पास्टर आले का?” असं तिनं दोनदा विचारलं. गुरुवारी दुपारी गेली. पाळक शनिवारी आले.

पुरताना तिचा भाऊ आला होता, बायको-मुलांसकट, पांढऱ्या कपड्यांत. सगळं झाल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं. बहिणीला कशासाठी बाहेर बसवलं होतं, ते त्याला सगळं ठाऊक होतं.

“मास्तर, तिले आतमधी घेतलं होतं ना?”

“हो,” मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. ठराव माझ्याच अक्षरात होता. पण खरंही नव्हतं, आणि त्या भल्या माणसाच्या डोळ्याला डोळा देऊन मी ते बोललो याची लाज मला आजही वाटते.

पुढच्या प्रभुभोजनाची भाकर माझ्या बायकोनं केली. तिला अंदाज नव्हता; तिनं आपल्या चार पोळ्या लाटल्या आणि बारीक तुकडे केले. ताट सगळीकडे फिरून परत आलं तेव्हा निम्मं भरलेलंच होतं.

पाळक ताट धरून माझ्याजवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “मास्तर, हे एवढं उरलंय. याचं काय करायचं?”

मी पंचांकडे पाहिलं. कंपाउंडरांनी मान खाली घातली. इतक्या वर्षांत आमच्याकडे कधी काही उरलंच नव्हतं. उरलेल्या भाकरीचं काय करतात, ते आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.